दोनशे दहा वेढे

आमच्या घरी उन्हाळा पोत्यातून निघतो. होळी झाली की पहिल्या रविवारी सुनंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, मला मागच्या खिडकीबाहेर पाठवते. तिथं लोखंडी घोडीवर आमचा पत्र्याचा जुना कूलर आठ महिने पोत्यात गुंडाळलेला, सुतळीनं आवळलेला बसून असतो. सुतळी सोडली की आतून आधी मागच्या वर्षीची धूळ, मग एखादी पाल आणि शेवटी वाळ्याचा वास, या क्रमानं बाहेर येतात. पाल निघून जाते, धूळ मी गिळतो, वास मागं राहतो. त्या कोरड्या वाळ्यावर पहिली बादली ओतली की मी बावन्न वर्षांचा, गुडघे धरून उठणारा, कारखान्यात दिवसभर सह्या करणारा गृहस्थ उरत नाही. उस्मानपुऱ्यातल्या एका दुकानाच्या पायरीवर बसलेला, बोटांना वार्निश चिकटलेला, एकवीस वर्षांचा दत्ता होतो. फार वेळ नाही. दहा मिनिटं. तेवढ्यात आतून सुनंदा विचारते, "पाणी भरताय की आंघोळ उरकताय?"

यंदाही पोतं सोडलं, पाणी भरलं, बटण दाबलं. पंखा फिरला नाही. गुणगुणलाही नाही. आतून जळक्या वार्निशचा बारीक वास आला, आणि मी बादली हातात धरून तसाच उभा राहिलो. या मोटारीचा हा वास एकतीस वर्षांपूर्वीच यायला हवा होता. निदान माझी तशी खात्री होती. त्या खात्रीवर मी आख्खा जन्म रचला.

तो उन्हाळा आठवायचा तर आधी 'पुढं काय' आठवावं लागतं. आयटीआयची दोन वर्षं झाली होती, त्यावर चिकलठाण्याच्या एका कारखान्यात वर्षभराची ॲप्रेंटिसशिप झाली होती, इलेक्ट्रिशियन म्हणून कागद मिळाला होता. शेवटच्या दिवशी स्टोअरवाल्यानं माझ्याकडून पक्कड, टेस्टर आणि रबरी हातमोजे परत घेतले आणि पावती फाडता फाडता विचारलं, "पुढं काय?" खोलीमालकानं विचारलं. खानावळीच्या मावशींनी वरण वाढताना विचारलं. न्हाव्यानं तर वस्तरा गळ्याशी असताना विचारलं, त्यामुळं त्याला मी सगळ्यात सविस्तर उत्तर दिलं. माणूस काही शिकून संपला की लोकांना तो अर्धवट बांधलेल्या घरासारखा दिसायला लागतो. जाता येता जो तो विचारतो, स्लॅब कधी?

माझ्यापुढं दोन रस्ते होते. एक तंत्रनिकेतनाचा. आयटीआयवाल्यांना डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळायचा, आणि माझे गुण तेवढे होते. हा रस्ता आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते सोयगावला शेती करायचे. कापूस, थोडी केळी, विहिरीवर मोटार. ती मोटार मी सुट्टीत जाऊन दुरुस्त केली की गावभर सांगायचे, आणि घरी येऊन मला म्हणायचे, "हात काळे करणारे आपल्या घरात लई झाले, दत्ता. एक तरी सही करणारा पायजे." दुसरा रस्ता हैदराबादचा होता. तो खलीलचाचांचा.

खलीलचाचा म्हणजे उस्मानपुऱ्यात माझ्या खोलीखालचं मोटार वाइंडिंगचं दुकान. कारखान्यातून चारला सुटलो की मी सरळ त्यांच्या पायरीवर. कारखान्यात मला वर्षभर शिकवलं ते मुख्यतः फ्यूज बदलायला आणि साहेब आले की उठून उभं राहायला. काम शिकलो ते या पायरीवर. दुकान एवढंसं, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं श्वास बाहेर घ्यायचा. भिंतीला खिळ्यांवर तांब्याच्या तारेची रिळं. कोपऱ्यात पत्र्याचा एक पिंप आणि त्यात दोनशे वॅटचे चार बल्ब. वार्निश पाजलेल्या मोटारी त्यात सुकायला ठेवायच्या. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत तो पिंप, आणि मध्ये आम्ही. गिऱ्हाइकांचे कूलर दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात कूलर नव्हता. चाचा म्हणायचे, हलवाई मिठाई खाता क्या?

मोटारीचं सगळं शास्त्र चाचांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं. तार किती वेळा गुंडाळायची, त्याला आम्ही वेढे म्हणायचो. चाचा म्हणायचे, "कम डाले तो तेज भागती, गरम होती, जलती. ज्यादा डाले तो ठंडी रहती, पर हवा सुस्त." नंतर डिप्लोमाला हेच मला एका सरांनी सहा पानांत शिकवलं. मला ते समजलं नाही.

आणि त्यांचा एक नियम होता. जळलेली मोटार आली की जुनी कॉईल एका बाजूनं छिन्नीनं कापायची आणि कापलेल्या तारा एकेक करून मोजायच्या. जितक्या तारा, तितके वेढे. तो आकडा पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहायचा, मोटारीवर नंबर ठोकायचा, तोच नंबर कार्डावर, आणि कार्ड बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. मोजणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही. आणि गिनती चुकली तर अंदाज करायचा नाही, पुन्हा एकपासून. "शरम नक्को करना," ते म्हणायचे, "शरम से मोटर नई चलती."

हैदराबादला त्यांच्या मेहुण्याचा मोठा वर्कशॉप होता. गिरण्यांच्या, पाणीपुरवठ्याच्या, खोलीएवढ्या मोटारी तिथं वाइंडिंगला येत. चाचा स्वतः तरुणपणी तिथंच शिकलेले. ते ज्याला चिठ्ठी देतील त्याला तिथं दोन वर्षं ठेवून घेत, आणि तिथून परतलेला माणूस कुठल्याही कारखान्यात मान वर करून जाई. पण चिठ्ठी सहज मिळत नसे. आधी एक मोटार पूर्ण स्वतःच्या हातानं भरायची, म्हणजे जुनी तार काढून नवी गुंडाळायची. चाचा बोट लावणार नाहीत. ती कुणाच्या तरी घरी कूलरला लागणार आणि मृगापर्यंत चालली पाहिजे. पूर्ण उन्हाळा. मध्येच जळली तर पुढच्या वर्षी. याला दुकानात 'गर्मी पास होना' म्हणायचे. आयटीआयची परीक्षा मी पहिल्या वर्गात पास झालो होतो, पण खरं सांगतो, मला पास व्हायचं होतं ते गर्मी.

माझ्या वाट्याला आली ती गायकवाड बाईंच्या कूलरची मोटार. बाई पुंडलिकनगरात राहायच्या, शाळेत शिकवायच्या. तेव्हा पुंडलिकनगर म्हणजे दोन घरं, चार रिकामे प्लॉट आणि मधून चालणारा वारा. मोटार माझ्यापुढं ठेवून चाचा पानाला उठले. मी कॉईल कापली, पायरीवर मांडी घातली आणि मोजायला लागलो. एक तार सरकवायची, एक आकडा. सत्तर झाले, शंभर झाले. शंभराच्या पुढं गेलो की मला नेहमी आपण फार मोठं काम करत आहोत असं वाटायचं.

तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी दुकानाच्या पाटीवरची उर्दू अक्षरं मोठ्यानं वाचली. खणखणीत, एकही मात्रा न चुकता. मी न बघताच ओळखलं. आबांची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून सुरू झाली होती. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते चौथीत होते. पुढं पुस्तकं मराठी झाली, पण आकडे त्यांच्या तोंडात उर्दूच राहिले. कापसाची पोती असोत की लग्नाची पंगत, आबा सगळं 'एक, दो, तीन' करूनच मोजतात. ते सोयगावहून पहिल्या एसटीनं आले होते. टॉवेलात बांधून माझा दहावीचा निकाल, शाळेचा दाखला आणि तंत्रनिकेतनाचा कोरा अर्ज आणला होता. पान खाऊन परतलेल्या चाचांनी त्यांना पाटी वाचताना ऐकलं आणि ते एकदम खुलले. दोघंही त्याच काळातले, दोघांनीही शाळेत मौलवींच्या छड्या खाल्लेल्या. कुणाच्या मौलवींची छडी जास्त लांब, यावर बोलणं रंगलं. मी मान खाली घालून मोजतच होतो. एकशे बत्तीस, एकशे तेहतीस. आबा वाकले, माझ्या हातातल्या तारांकडं बघितलं आणि म्हणाले, "किती झाल्या रे?"

झालं. आकडा गेला. हातात एक तार धरून मी बसलो आणि डोक्यात नुसता उजेड. पुन्हा एकपासून सुरुवात करायची, एवढंच करायचं होतं. पण समोर आबा होते. या कामात काही दम आहे का, हे बघायला ते पाच तास एसटीत बसून आले होते, आणि त्यांच्यासमोर मला पहिल्या तारेपासून सुरू करायची लाज वाटली. उरलेल्या जुडीकडं मी डोळे बारीक करून बघितलं आणि कार्डावर लिहिलं, दोनशे दहा.

"गिन लिया?" चाचांनी विचारलं.

"हौ चाचा."

"पक्का?"

"पक्का."

चाचांनी माझ्याकडं बघितलं, कार्डाकडं बघितलं आणि आबांसाठी चहा मागवला.

पुढचे तीन दिवस मी ती मोटार भरली. प्रत्येक कॉईलला दोनशे दहा. तार मोटारीच्या खाचांमध्ये बसेना. शेवटच्या दहा-वीस तारा मी लाकडी पट्टीनं दाबून, ठोकून आत घातल्या. एवढी ठासून तार बसते आहे म्हणजे वेढे जास्त झाले, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही. माझ्या डोक्यात एकच धाक होता, की आपण कमी मोजले, की ही जळणार. चूक केलेला माणूस चुकीचा फक्त धाक बघतो, तिची दिशा बघत नाही. हे मला नंतर पोरांच्या लग्नात, घर बांधताना, आणि एका शेअरच्या भानगडीत पुन्हा पुन्हा कळलं. पण ते जाऊ द्या.

मोटार बसवायला चाचा आणि मी दोघं गेलो. कूलर सुरू झाला. गायकवाड बाई म्हणाल्या, हवा जरा मंदच वाटते. त्यांची मुलगी दारात उभी होती, बारावीची परीक्षा देऊन बसलेली. ती म्हणाली, जरा नाही, चांगलीच मंद. चाचांनी उलटा हात मोटारीच्या अंगाला लावला, ताप बघतात तसा, आणि म्हणाले, "ठंडी है. ये जलनेवाली नई." मला वाटलं, माझी समजूत काढताहेत.

त्या उन्हाळ्याइतका लांब उन्हाळा मी पुन्हा बघितला नाही. अर्ज खोलीतल्या फळीवर, टॉवेलात तसाच. त्याची मुदत मृगाच्या चार दिवस आधी संपत होती. माझा बेत असा होता, की मोटार चालत राहिली तर अर्ज नुसता पडू द्यायचा, मुदत आपोआप जाईल, आणि मग आबांना सांगायचं, अरेरे, तारीखच गेली. वडिलांना 'नाही' म्हणण्याची ही माझी शूर पद्धत होती. दिवसभर दुकानात काम, आणि दर दोन दिवसांनी दुपारी सायकल काढून पुंडलिकनगर. गायकवाड बाईंच्या घरावरून हळू जायचं आणि कान द्यायचा. कूलर घरघरतोय, म्हणजे हैदराबाद. परत फिरायचं.

त्या सायकलफेऱ्या अजून आठवतात. ऊन असं की डांबर टायरला चिकटायचं. रस्त्यावर कुणी नाही. गुलमोहर फुललेले आणि बघायला मी एकटा. खिडकीतून तो आवाज आला की अंगावर कुणीतरी ओला पंचा टाकल्यासारखं वाटायचं. मी मनात हैदराबादची खोली घेतली होती, तिथल्या खोलीएवढ्या मोटारीत उतरून बसलो होतो, तिथलं तांबं हातांना लागलं होतं. पुढं आयुष्यात मी खरोखरच्या बऱ्याच जागी गेलो. पण त्या हैदराबादइतकं राहिलो कुठंच नाही.

आणि मुदतीच्या आदल्या दिवशी गायकवाड बाईंचा निरोप आला. कूलर बंद पडला, नुसता गुणगुणतोय, फिरत नाही.

आता इथं जरा थांबून माझी लाज सविस्तर सांगायला हवी. मोटार गुणगुणते पण फिरत नाही, म्हणजे काय झालं असेल? आयटीआयच्या पहिल्या वर्षातला सगळ्यात मागच्या बाकावरचा मुलगाही सांगेल, कंडेन्सर गेला. मोटारीला पहिला झटका देणारा डबीएवढा डबा, दहा मिनिटांचं काम. जळलेली मोटार गुणगुणत नाही, वास मारते. हे मला येत होतं. परीक्षेत आलं होतं आणि मी बरोबर लिहिलं होतं. पण निरोप कानावर पडला आणि मला ऐकू आलं ते एवढंच, जळली. दोनशे दहा चुकले होते, आणि जळली.

चाचांनी पिशवीत पाना, टेस्टर टाकला आणि म्हणाले चल. मी जागचा हललो नाही. म्हटलं, चाचा, माझा हातच या कामाचा नाही. ते म्हणाले, "पहले खोल, फिर रो." मी तेवढंही केलं नाही. खोलीत गेलो, टॉवेल सोडला, अर्ज भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तंत्रनिकेतनाच्या खिडकीत पहिला नंबर माझा होता. खिडकीतल्या माणसानं कौतुक केलं, म्हणाला, शिकायची ओढ अशी पाहिजे. आबांना तार केली. ते पेढे घेऊन आले. खलीलचाचांनाही देऊन आले. मी गेलो नाही.

तंत्रनिकेतनही उस्मानपुऱ्यातच. दोन वर्षं मी दुकान टाळून मागच्या गल्लीनं जात राहिलो. खोली बदलली. डिप्लोमा झाला, वाळूजला नोकरी लागली, खुर्ची मिळाली. आबांना हवा होता तो सही करणारा झालो. आमच्याकडं मोटार बिघडली की मी कागदावर सही करतो, मोटार बाहेर जाते, भरून परत येते, मी पुन्हा सही करतो. आत काय झालं होतं ते मला कधी दिसत नाही. हात इतके स्वच्छ राहतात की कधीकधी मी ते टेबलाखाली धरतो.

त्या उन्हाळ्यानंतर चार वर्षांनी स्थळ सांगून आलं, पुंडलिकनगरचं. मुलीच्या आईनं म्हणे मला ओळखलं होतं, 'तो वाइंडिंगवाला मुलगा, आता डिप्लोमा झालाय.' बघायला गेलो, तर त्याच खोलीत बसवलेलं, आणि खिडकीत तोच कूलर. चालू. मी पोह्यांची बशी हातात धरून त्याच्याकडंच बघत राहिलो. मुलीकडं बघायचं असतं हे आबांना कोपरखळी मारून सांगावं लागलं. शेवटी मला राहवेना. विचारलं, मोटार कधी बदलली? सुनंदा म्हणाली, "बदलली नाही. तुम्ही भरलेलीच आहे. तेव्हा कंडेन्सर गेला होता, चाचांनी दहा मिनिटांत बसवून दिला." आणि वर म्हणाली, "हवा मंद आहे, पण चालतोय."

मुलगी पसंत आहे का, या प्रश्नाला मी त्या दिवशी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. पसंत होती, हे नक्की. आणि तिचा तेव्हापासून एक समज आहे, की त्या उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी मी तिच्यासाठी सायकलवरून जायचो. सत्तावीस वर्षांत मी तो मोडलेला नाही. हा लेख तिच्या हाती पडला तर मोडेल, पण आता मुलंही मोठी झाली आहेत.

लग्नाला चाचांना बोलवायला गेलो. पायरीवर उभा राहिलो. ते म्हणाले, "आओ सुपरवायझर साब," आणि हसले. त्यात टोमणा होता आणि नव्हताही. लग्नाला आले, गायकवाड बाईंच्या दारच्या मांडवात जेवले, आणि निघताना खिडकीशी जाऊन उलटा हात कूलरला लावला. "ठंडी है," मला म्हणाले. तेव्हा तरी विचारायला हवं होतं, की मग माझी गर्मी पास झाली का? विचारलं नाही. मला वाटलं, आता विचारून काय. चाचा नंतर सात वर्षांनी गेले. बाईंनी घर विकलं तेव्हा कूलर आमच्याकडं आला, सुनंदाबरोबर यायचा राहिलेला आहेर आल्यासारखा. आणि दर उन्हाळ्यात मी त्याच्यासमोर आडवा होऊन त्या मंद हवेत हैदराबादला जाऊन येत राहिलो.

तर यंदा तो जळला. मोटार काढली, पिशवीत घातली आणि उस्मानपुऱ्यात गेलो. दुकान आता चाचांचा मुलगा रफीक चालवतो. मोठं झालंय, काच आहे, एसी आहे. त्यानं मोटार उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, सर, आता कोण भरतं, नवी घेऊन टाका. मी म्हटलं, मीच भरतो. तो जरा हसला, मग मोटारीवर ठोकलेला नंबर त्याला दिसला. आत गेला. बिस्किटाचा तोच पत्र्याचा डबा घेऊन आला आणि बराच वेळ शोधून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. वर माझ्या अक्षरात दोनशे दहा. खाली निळ्या शाईत उर्दूत दोन ओळी. "अब्बा का हाथ है," रफीक म्हणाला, "पण माझा चष्मा घरी राहिला, सर. घेऊन जा, वाचा." नंबर शोधताना त्याला चष्मा लागला नव्हता, तो उर्दूपुरताच लागत असावा. तार दिली, खाचांत घालायचा कागद दिला, आणि चाचांचं हातानं फिरवून वेढे घालायचं जुनं यंत्रही दिलं. पैशाचं विचारलं तर हातानंच नाही म्हणाला.

आबा आता सत्याऐंशीचे आहेत, तीन वर्षांपासून आमच्याकडंच असतात. दुपारी हॉलमध्ये कॉटवर बसून, कूलर नाही म्हणून वर्तमानपत्रानं वारा घेत होते. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ आणलं, आणि पाटी वाचली होती तशाच आवाजात, फक्त जरा हळू, वाचलं:

"असल एक सौ नब्बे. दत्ता ने दो सौ दस डाले. जलेगी नहीं. मृग तक चली, पास. आए तो चिट्ठी देना."

म्हणजे मी गेल्यावर चाचांनी माझी टाकून दिलेली जळकी कॉईल उचलून पुन्हा मोजली होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. आणि मी मागच्या गल्लीनं जात होतो ती दोन वर्षं, चिठ्ठी त्या डब्यापाशी माझी वाट बघत होती.

आबांनी कार्ड मांडीवर ठेवलं. सोयगावला विहिरीवर बसायचे तसे बसले, एका जागी बघत. मग म्हणाले, "मी आलतो त्या दिवशी. किती झाल्या म्हणून इचारलं होतं."

"व्हय."

"त्यानं चुकली गिनती?"

एकतीस वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर मनात तयार ठेवलं होतं. चांगलं धारदार होतं. आबांच्या हाताकडं बघितलं. मांडीवरच्या कार्डाची दुमडलेली कड तो अंगठ्यानं सपाट करत होता.

"नाय आबा," मी म्हटलं. "ती आधीच चुकली होती."

"हं," ते म्हणाले. मला वाटतं त्यांना खरं कळलं. आमच्या घरात कुणालाच नीट खोटं बोलता येत नाही, आणि कुणी कुणाला पकडतही नाही.

संध्याकाळी अंगणात पोतं अंथरलं, तेच कूलरचं. चाचांचं यंत्र मांडलं. माझी बोटं आता तारेला घाबरतात, दोन वेळा तार तुटली. सुनंदा दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा काही विचारायला तोंड उघडलं तर आबांनी हात वर करून तिला गप्प केलं. ते शेजारी खुर्चीवर बसले होते. मी मोजायला सुरुवात केली तशी म्हणाले, "तू फिरव. मी मोजतो."

मी फिरवत राहिलो. ते मोजत राहिले, चौथीतल्या पोराच्या सुरात, एक, दो, तीन. शंभर झाले, दीडशे झाले. मध्येच ते अडखळले. माझ्याकडं बघितलं, आणि कुठलीही लाज न धरता म्हणाले, "चुकली. सोड सगळी. पुन्हा एकपासून." मी सगळी तार उलगडली. पुन्हा एकपासून. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं, मग भिंतीवरूनही उतरलं.

"एक सौ अठासी. एक सौ नवासी. एक सौ नब्बे."

यंत्राच्या दांड्यावरचा माझा हात सवयीनं पुढच्या वेढ्याला निघालाच होता. आबांनी उलट्या हातानं माझं मनगट अडवलं.

"बस," म्हणाले. "एवढेच होते."